आउट काढण्याचे स्टँड (सायकल)

आउट काढण्याचे स्टँड हे सायकलच्या चाकाची रिम सरळ, गोल आणि हबच्या मध्यावर आहे की नाही, हे तपासण्यासाठी वापरले जाणारे उपकरण आहे. रिम डावीकडे-उजवीकडे किंवा वर-खाली डुलू लागली, की दुकानी भाषेत चाकाला 'आउट' आला असे म्हणतात आणि तो दूर करण्याच्या कामाला 'आउट काढणे' म्हणतात. स्टँड स्वतः चाक सरळ करत नाही. ते चाक स्थिर धरते व रिम कोठे आणि किती सरकली आहे ते दाखवते. प्रत्यक्ष दुरुस्ती स्पोक चावीने निपल फिरवूनच करावी लागते. त्यामुळे स्टँडची किंमत किंवा त्यावरील यंत्रणा यांपेक्षा दोन गुण अधिक महत्त्वाचे ठरतात : ते हलता कामा नये आणि तेच चाक पुन्हा बसवल्यावर त्याने तेच माप दाखवले पाहिजे. हे दोन गुण साध्या किंवा घरी बनवलेल्या स्टँडमध्येही आणता येतात.

पार्श्वभूमी

बैलगाडीच्या चाकाचे जाड लाकडी आरे दाब सहन करतात. सायकलच्या चाकातील स्पोक मात्र बारीक तारांचे असून ते ताणलेल्या स्थितीतच काम करतात. अशा ताणलेल्या तारांच्या चाकाचे पेटंट युजीन मेयर यांनी १८६९ मध्ये पॅरिस येथे घेतले. पुढे इंग्लंडमध्ये जेम्स स्टार्ली यांनी १८७४ मध्ये हबला स्पर्शरेषेच्या दिशेने जोडलेल्या, एकमेकांना छेदून जाणाऱ्या स्पोकांच्या रचनेचे पेटंट घेतले. आजही बहुतेक सायकलींची चाके याच तत्त्वावर बांधली जातात.

या रचनेत प्रत्येक स्पोक रिमला आत आणि आपल्या बाजूकडे ओढत असतो. एक स्पोक आवळला, की त्या ठिकाणी रिम त्या बाजूला सरकते, थोडी आतही येते आणि शेजारच्या स्पोकांचा ताण बदलतो. म्हणून चाक सरळ करणे हे एका फेरीत संपणारे काम नसून, मोजणे आणि किंचित फिरवणे यांची ती पुनरावृत्ती असते. या प्रत्येक फेरीत माप विश्वासार्ह असावे, यासाठी स्टँडची गरज भासते.

काय मोजले जाते

स्टँडवर तीन गोष्टी तपासता येतात.

आडवा आउट : रिमचे डावीकडे किंवा उजवीकडे झुकणे.

उभा आउट : रिमच्या गोलाईतील उंचसखलपणा.

मध्य : हबच्या दोन्ही बाहेरील लॉकनटांपासून रिमची मध्यरेषा समान अंतरावर असणे. मागच्या चाकात उजवीकडे फ्रीव्हील किंवा कॅसेट असल्याने हबच्या दोन्ही चकत्या मध्यापासून सारख्या अंतरावर नसतात. त्यामुळे रिम मध्यावर आणण्यासाठी उजव्या बाजूचे स्पोक अधिक ताणावे लागतात.

किती सूक्ष्म माप आवश्यक आहे, हे निपलच्या आट्यांवरून ठरवता येते. २ मिलिमीटर जाडीच्या प्रचलित स्पोकावर एका इंचात ५६ आटे असतात. म्हणजे निपलच्या एका पूर्ण फेऱ्यात ते सुमारे ०.४५ मिमी आणि पाव फेऱ्यात सुमारे ०.११ मिमी सरकते. साध्या छपाईच्या कागदाची जाडीही साधारण ०.१ मिमी असते. तेव्हा दोन-तीन कागदांच्या जाडीची फट स्पष्ट दाखवू शकणारे स्टँड घरगुती कामास पुरेसे होते. रिमवर घासणारे ब्रेक असलेल्या चाकाचा आडवा आउट अर्ध्या मिलिमीटरच्या आत आणला, तर दैनंदिन वापरात सहसा अडचण येत नाही.

प्रकार

सायकलचा सांगाडा : सर्वांत स्वस्त स्टँड म्हणजे उलटी उभी केलेली सायकल. ब्रेकचे रबर किंवा फोर्कला बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी काट्याचे काम करते. दुरुस्तीच्या दुकानात फिरत्या रिमजवळ खडू धरण्याची पद्धतही आढळते. रिमचा जो भाग बाहेर आलेला असतो, त्यावर खूण उमटते.

जुना फोर्क : निकामी सायकलचा फोर्क शेगड्यात किंवा पाटावर घट्ट बसवल्यास पुढच्या चाकासाठी चांगले स्टँड तयार होते. मात्र पुढच्या हबची प्रचलित रुंदी १०० मिमी, तर गिअरच्या सायकलींच्या मागच्या हबची १३० किंवा १३५ मिमी असल्याने मागचे चाक त्यात बसत नाही.

लाकडी स्टँड : जाड प्लायवुड किंवा एमडीएफच्या फळ्यांपासून हे घरी बनवता येते. ब्रिटिश चाकबांधणीकार रॉजर मसन यांच्या चाकबांधणीवरील पुस्तकात अशा स्टँडचे आराखडे दिलेले आहेत.

साधे धातूचे स्टँड : यात दोन दांडे आणि पुढे-मागे होणारे काटे असतात. दांडे स्वतंत्रपणे सरकत असल्यास काटे आपोआप मध्यावर राहत नाहीत.

स्वयंमध्य स्टँड : यात दोन्ही दांडे आणि दोन्ही काटे एकमेकांशी जोडलेले असून ते समान अंतराने उघडतात व मिटतात. अमेरिकेतील पार्क टूल या कंपनीची अशी स्टँडे अनेक दुकानांत वापरली जातात. काम वेगाने होणे हा यांचा मुख्य लाभ आहे. जो वर्षाकाठी दोन-तीनच चाके बांधतो, त्याला या वेगाचा उपयोग मर्यादित असतो.

निवड

स्टँड घेताना आपल्याकडील चाकांची मापे आधी लिहून काढणे हिताचे असते. भारतातील पारंपरिक काळ्या सायकलींची २८ × १½ इंचाची रिम मोठी असते. टायरच्या बैठकीचा तिचा व्यास ६३५ मिमी असतो. अशा चाकाला पुरेशी उंची हवी. टायर न काढता आउट काढायचा असल्यास दांड्यांमधील मोकळी जागाही पाहावी लागते. नव्या सायकलींत पोकळ हबमधून जाणारा जाड थ्रू ॲक्सल असतो. तो १२ किंवा १५ मिमी व्यासाचा असल्याने त्यासाठी वेगळा जोडभाग लागतो.

यानंतर स्टँडची परीक्षा घ्यावी. चाक बसवून काटा रिमजवळ आणावा आणि फट लक्षात ठेवावी. चाक काढून पुन्हा तसेच बसवावे. तीन वेळा हे केल्यावर त्याच जागी तीच फट दिसली, तर स्टँड विश्वासार्ह समजावे. दांडा बोटाने दाबल्यावर फट बदलत असेल किंवा काट्याचा स्क्रू ढिला असेल, तर ते स्टँड स्वयंमध्य असूनही उपयोगाचे नाही.

चाक उलटवून मध्य तपासणे

स्वस्त स्टँडचा मध्य चुकीचा असतो, हा त्यावरचा मुख्य आक्षेप असतो. परंतु मध्य तपासण्यासाठी स्टँड स्वतः मध्यावर असण्याची गरज नाही. एका बाजूचा काटा एका जागी पक्का करून त्याची रिमपासूनची फट मोजावी. मग चाक उलटवून, म्हणजे उजवी बाजू डावीकडे घेऊन, बसवावे आणि काटा न हलवता त्याच बाजूची फट पुन्हा मोजावी. दोन्ही वेळा स्टँडमधील दोष सारखाच असतो. त्यामुळे वजाबाकीत तो नाहीसा होतो आणि केवळ चाकातील दोष दुप्पट होऊन उरतो.

उदाहरणार्थ, फ्रीव्हील उजवीकडे असताना डाव्या काट्यापाशी २.० मिमी आणि चाक उलटवल्यावर त्याच काट्यापाशी ३.२ मिमी फट मिळाली. फरक १.२ मिमी आहे. त्याच्या निम्मे, म्हणजे ०.६ मिमी इतकी रिम फ्रीव्हीलच्या विरुद्ध बाजूकडे सरकलेली आहे. ती मध्यावर आणण्यासाठी फ्रीव्हीलच्या बाजूचे सर्व स्पोक सारख्या प्रमाणात आवळावे लागतील किंवा त्यांचा ताण आधीच पुरेसा असल्यास विरुद्ध बाजूचे सैल करावे लागतील. या पद्धतीची अट एकच : दोन्ही वेळा हबचा लॉकनट दांड्याच्या त्याच पृष्ठभागाला पूर्ण टेकलेला असावा.

सुधारणा

साध्या स्टँडमध्ये पुढील सुधारणा कमी खर्चात करता येतात.

पाया : स्टँड जाड फळीवर बोल्टने आवळावे. स्पोक चावी फिरवताना स्टँड सरकत असेल, तर कोणताही काटा बिनचूक माप दाखवू शकत नाही.

दांडे : सांध्यांतील ढिलाई वॉशर घालून काढावी. शक्य असल्यास दोन्ही दांडे खालच्या बाजूस आडव्या पट्टीने जोडावेत.

काटे : टोकदार काट्याने रिमवर ओरखडे उठतात. त्याऐवजी नायलॉनचा स्क्रू वापरता येतो. त्याचे आटे बारीक असल्यास काटा हळूहळू पुढे आणता येतो.

प्रकाश : काट्यामागे पांढरा कागद आणि बाजूला दिवा ठेवल्यास बारीक फट डोळ्यांना सहज दिसते. काटा रिमला अगदी हलका टेकवल्यास खरखरीवरून कानानेही आउट ओळखता येतो.

डायल गेज : ०.०१ मिमीपर्यंत माप दाखवणारे हे उपकरण स्टँडवर बसवता येते. मात्र डळमळीत स्टँडवर ते बसवले, तर ते स्टँडचीच हालचाल मोजते. म्हणून ही सुधारणा सर्वांत शेवटी करणे इष्ट.

मर्यादा

स्टँडवर सरळ दिसणारे चाक मजबूत असेलच असे नाही. रिम सरळ असूनही काही स्पोक फार ताणलेले आणि काही ढिले असू शकतात. असे चाक थोड्याच दिवसांत पुन्हा आउट होते. ढिल्या स्पोकांवर प्रत्येक फेऱ्यात ताण अधिक चढ-उतार करतो आणि धातू थकून ते बहुधा हबजवळच्या वळणापाशी तुटतात. ताणाचा अंदाज घेण्यासाठी ताणमापक वापरतात किंवा एकाच बाजूचे स्पोक छेडून त्यांच्या नादाची तुलना करतात. चाकाच्या टिकाऊपणात या पूर्वताणाचे महत्त्व अमेरिकी अभियंते जॉब्स्ट ब्रँट यांनी 'द बायसिकल व्हील' (१९८१) या पुस्तकात सविस्तर मांडले आहे.

हबचे बेअरिंग सैल असल्यास रिम प्रत्येक फेरीत वेगळे माप दाखवते. म्हणून आधी बेअरिंग ठीक करावे लागते. रिमच्या जोडापाशी असलेला किंचित उंचवटा हा रिमचाच दोष असतो. तो स्पोक ओढून घालवण्याचा प्रयत्न केल्यास तेथील ताण बिघडतो. आदळून वाकलेली रिम स्पोकांच्या जोरावर सरळ ओढून ठेवली, तर काटा तिला निर्दोष ठरवतो. पण तेथील काही स्पोक जवळजवळ ताणरहित झालेले असतात. अशा वेळी रिम बदलणेच सुरक्षित असते.