कॅमेरा-पिशवी

फिल्मवर छायाचित्रण करताना लागणारा कॅमेरा, त्याची भिंगे, फिल्मच्या गुंडाळ्या, फिल्टर, प्रकाशमापक, फ्लॅश इ. सामग्री एकत्र वाहून नेण्यासाठी आणि वाटेत धक्का, धूळ, पाणी व उष्णता यांपासून तिचे रक्षण करण्यासाठी वापरावयाची पिशवी वा पेटी. खांद्याला अडकवावयाची पिशवी, पाठपिशवी, कमरेला बांधावयाची पिशवी आणि कठीण कवचाची पेटी हे तिचे मुख्य प्रकार होत. अंकीय कॅमेऱ्याच्या पिशवीपेक्षा फिल्म वापरणाऱ्याच्या पिशवीच्या गरजा काहीशा वेगळ्या असतात. कारण तिच्यात यंत्राबरोबर एक नाशवंत रासायनिक पदार्थही वाहून न्यावयाचा असतो. फिल्मवर उमटलेली पण अद्याप विकसित न केलेली प्रतिमा (सुप्त प्रतिमा) डोळ्यांना दिसत नाही, तिची दुसरी प्रत नसते आणि ती उष्णतेने, ओलीने वा क्ष-किरणांनी बिघडली, तर ते फिल्म धुतल्यानंतरच कळते. पिशवी निवडताना बहुधा कॅमेऱ्याचा विचार होतो व फिल्मचा राहून जातो. त्याहून मोठी चूक म्हणजे प्रवासासाठी घेतलेली पिशवी घरी साठवणीची जागा म्हणून वापरणे. कोकण, गोवा, मुंबई यांसारख्या दमट प्रदेशांत अशा वेळी रक्षणासाठी घेतलेली पिशवीच भिंगांच्या नाशाला कारण होते.

विकास : काचेच्या पट्टिका वापरण्याच्या काळात कॅमेरा, पट्टिकाधारक व तिवई यांसाठी लाकडी किंवा चामडी पेट्या असत व बाहेर काम करताना त्या उचलण्यासाठी पुष्कळदा मदतनीस लागे. १९२५ साली ‘लायका’ हा ३५ मिमी. फिल्मचा छोटा कॅमेरा बाजारात आला आणि १९३४ मध्ये कोडॅक कंपनीने दिवसाउजेडी भरता येणारी ३५ मिमी. फिल्मची तयार डबी प्रचारात आणली. त्यामुळे कॅमेरा गळ्यात व फिल्म खिशात मावू लागली आणि चामड्याचे घट्ट वेष्टन एवढेच संरक्षण पुरेसे वाटू लागले. १९५९ मध्ये आलेल्या निकॉन एफसारख्या, भिंगे बदलता येणाऱ्या एकभिंगी परावर्ती कॅमेऱ्यांनी परिस्थिती पुन्हा पालटली. वृत्तछायाचित्रकार दोन-तीन कॅमेरे व पाच-सहा भिंगे बाळगू लागले. पण त्यांसाठी सोयीची पिशवी सहसा मिळत नसे.

ही उणीव प्रत्यक्ष वापरणाऱ्यांनीच भरून काढली. अमेरिकेतील फिलाडेल्फिया इन्क्वायरर या दैनिकाचे छायाचित्रकार जिम डॉम्की यांनी १९७० नंतरच्या दशकात स्वतःच्या कामासाठी जाड सुती कॅनव्हसची एक मऊ पिशवी बेतली. तिच्यात गादी अगदी बेताची होती. ती अंगासरशी बसे आणि उभ्या उभ्या एका हाताने उघडता येई. इंग्लंडमधील बिलिंगहॅम ही कंपनी १९७३ पासून मासेमारीच्या पिशव्या बनवीत असे. न्यूयॉर्कमध्ये छायाचित्रकारच त्या मोठ्या संख्येने विकत घेतात, असे १९७८ मध्ये कंपनीच्या ध्यानात आले आणि तिने आपला मोहरा कॅमेरा-पिशव्यांकडे वळविला. आजच्या पाठपिशव्यांची घडण बरीचशी गिर्यारोहणाच्या सामग्रीवरून आलेली आहे.

मापे व वजन : दुकानात पिशवीकडे पाहून सामग्रीचा अंदाज बांधण्यापेक्षा सामग्री टेबलावर मांडून पिशवीचे माप ठरविणे श्रेयस्कर होय. मांडावयाची ती मालकीची सर्व सामग्री नव्हे, तर एका फेरीस खरोखर लागणारी सामग्री. उदा., निकॉन एफएम२ या कॅमेऱ्याचे नुसते वजन ५४० ग्रॅ. आहे. त्याला ५० मिमी.चे भिंग लावून आणखी दोन छोटी भिंगे, प्रकाशमापक व दहा गुंडाळ्या घेतल्या, तरी सर्व मिळून भार २ किग्रॅ.च्या आसपास राहतो. याच सामग्रीसाठी दीड-दोन किग्रॅ.ची, जाड गादीची पिशवी घेतल्यास वाहिलेल्या भारापैकी निम्मा भार पिशवीचाच होतो. रिकाम्या पिशवीचे वजन आतील सामग्रीच्या सुमारे एक तृतीयांशापेक्षा अधिक नसावे, हा अडाखा व्यवहारात उपयोगी पडतो. मोठ्या पिशवीचा आणखी एक दोष असा की, रिकामी जागा दिसली म्हणजे ती भरली जाते.

कॅमेऱ्याच्या आकारानुसार पिशवीची खोली ठरते. ३५ मिमी.चा कॅमेरा भिंग खाली करून उभ्या कप्प्यात चांगला बसतो. रोलिफ्लेक्ससारखा द्विभिंगी कॅमेरा उंच व अरुंद असतो. त्याला उथळ पिशवीत आडवे घालावे लागल्यास फिल्म पुढे सरकविण्याच्या दांड्यावर दाब पडतो. हॅसलब्लाड ५००सी/एम हा कॅमेरा भिंग व फिल्मकोश यांसह सु. दीड किग्रॅ. भरतो. त्याचे फिल्मकोश अदलाबदलीचे असल्याने त्यांच्यासाठी निराळे कप्पे लागतात.

कप्पे व झाकण : फिल्म वापरणाऱ्याला कामाच्या मध्येच, ३६ चित्रांनंतर (१२० क्रमांकाच्या फिल्मवर तर ६ × ६ सेंमी.च्या १२ चित्रांनंतरच) गुंडाळी बदलावी लागते, आणि तीही पुष्कळदा उभ्याने, गर्दीत. म्हणून कोरी व वापरलेली फिल्म यांसाठी दोन स्वतंत्र, झाकणाचे खिसे असणे ही या पिशवीची पहिली कसोटी मानावी. एकाच खिशात दोन्ही ठेवल्यास वापरलेली गुंडाळी पुन्हा भरली जाण्याचा धोका असतो. ३५ मिमी.च्या गुंडाळीचे बाहेरचे टोक पूर्ण आत ओढून घेतल्यास तो टळतो. १२० क्रमांकाच्या गुंडाळीला डबी नसते. कागदी पाठ हेच तिचे कवच असल्याने ती सैल झाल्यास कडांतून प्रकाश शिरतो. कागदी पट्टी ओली करून घट्ट चिकटविलेली अशी गुंडाळी अपारदर्शक डबीत घालून मगच पिशवीत टाकावी. प्लॅस्टिकच्या डबीचा व्यास सु. ३२ मिमी. व उंची सु. ५० मिमी. असते, अशा डब्या अडकविण्यासाठी काही पिशव्यांत लवचिक पट्टीचे फास शिवलेले असतात. ते सोयीचे असले, तरी उघड्यावर असतील तर उन्हात तापतात.

झाकण अंगाच्या दिशेने न उघडता अंगापासून दूर उघडावे, म्हणजे हात सरळ आत जातो. व्हेल्क्रोची पकड जलद असते, पण तिचा आवाज गायनाच्या बैठकीत, धार्मिक विधीत किंवा पक्ष्यांचे चित्रण करताना असह्य ठरतो. धातूची चेन धूळ चांगली अडविते; मात्र अर्धवट उघडी राहिल्यास तिचे दात भिंगावर ओरखडे काढतात. पितळी बक्कल टिकाऊ पण संथ असते. आसन मजबूत व खांद्याचा पट्टा पिशवीच्या तळाखालून शिवून घेतलेला असावा. केवळ बाजूंना शिवलेला पट्टा भाराने उसवतो. लोकलच्या गर्दीत पाठपिशवीवर नजर राहत नाही, त्यामुळे ती छातीशी धरावी लागते. तेथे खांद्याची पिशवीच बरी. गडकोटांच्या चढणीवर मात्र उलट स्थिती असते. एका खांद्यावरचा भार तोल बिघडवितो व दोन्ही हात मोकळे राहणे आवश्यक ठरते, म्हणून पाठपिशवीला पर्याय नाही.

कापड व गादी : सुती कॅनव्हसचे धागे भिजल्यावर फुगतात व छिद्रे बुजतात, त्यामुळे ते हलक्या सरी झेलते, मेण चढविलेले असल्यास अधिकच. पण पूर्ण भिजल्यावर ते जड होते व वाळायला दिवसच्या दिवस लागतात. नायलॉन हलके व झटपट वाळणारे असते. परंतु त्याच्या आतील पॉलियुरेथेनचा लेप काही वर्षांनी चिकट होऊन सुटू लागतो. सह्याद्रीतील पावसात कोणत्याही कापडाचा भरवसा न धरता वरून ओढावयाची प्लॅस्टिकची खोळ बाळगावी.

आतील गादीसाठी बंद पेशींचा पॉलिथिलीन फेस किंवा पॉलियुरेथेनचा स्पंज वापरतात. पहिला पाणी शोषत नाही व आकार टिकवून धरतो. दुसरा मऊ असतो, पण हवेतील बाष्पामुळे त्याचे जलीय विघटन होऊन पंधरा-वीस वर्षांत त्याचा भुगा वा चिकट लगदा होतो. हा भुगा शटरमध्ये व भिंगाच्या कड्यांत शिरतो. जुनी पिशवी घेताना म्हणूनच अस्तरावरून बोट दाबून पाहावे. दाब काढल्यावर गादी वर आली नाही किंवा आत करकर आवाज आला, तर ती बदलून घ्यावी. सर्वांत जाड गादी तळाशी हवी, कारण पिशवी पडते त्याहून अधिक वेळा ती निष्काळजीपणे जमिनीवर टेकविली जाते. दुचाकीच्या कॅरियरवर बांधलेल्या पिशवीला सतत हादरे बसून भिंगातील बारीक स्क्रू ढिले होतात. तीच पिशवी अंगावर घेतल्यास शरीर हादरे शोषून घेते.

कठीण पेट्यांपैकी ॲल्युमिनियमची पेटी ऊन परावर्तित करते व गरज पडल्यास तीवर उभेही राहता येते. रबरी कडीने हवाबंद होणारी प्लॅस्टिकची पेटी होडीच्या प्रवासात उत्तम. चालत्या कामाला मात्र दोन्ही निरुपयोगी होत.

ओल व बुरशी : सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ६५ ते ७० टक्क्यांच्या वर राहिली, हवा खेळती नसली आणि काळोख असला, म्हणजे भिंगांवर बुरशी वाढते. कोकणपट्टीत पावसाळ्याचे चारही महिने ही स्थिती असते. बुरशीचे तंतू प्रथम कोळ्याच्या जाळ्याप्रमाणे कडेने पसरतात व त्यांतून स्रवणारी अम्ले भिंगावरील लेप आणि पुढे काचही कोरतात. बुरशी पुसता येते, कोरलेल्या खुणा पुसता येत नाहीत. चामडे स्वतः ओल धरून ठेवते, बुरशीला पोषण देते आणि त्याला लागून असलेल्या पितळेवर हिरवट गंज चढविते. कॅमेऱ्याबरोबर मिळणारे देखणे चामडी वेष्टन दमट हवेत साठवणीसाठी सर्वांत वाईट, ते याच कारणाने.

पिशवीत सिलिका जेलची पुडी टाकल्याने काम भागते, हा समज चुकीचा आहे. कापडी पिशवी हवाबंद नसल्याने पुडी काही दिवसांतच बाहेरच्या बाष्पाने संपृक्त होते व मग ती असून नसल्यासारखी. घरी आल्यावर सामग्री पिशवीतून काढून रबरी कडीच्या हवाबंद डब्यात पुरेशा सिलिका जेलसह ठेवावी व आत छोटा आर्द्रतामापक ठेवून आर्द्रता ४० ते ५० टक्के राखावी. रंग बदललेले सिलिका जेल सु. ११०° ते १२०° से. तापमानास काही तास तापविल्यास पुन्हा कार्यक्षम होते. रिकामी पिशवी उघडी करून उन्हात वाळवावी.

एका प्रसंगी मात्र बंद पिशवी उपकारक ठरते. वातानुकूलित खोलीतून दमट हवेत आलेल्या गार भिंगावर दव जमते. पिशवी बंद ठेवून कॅमेरा हळूहळू बाहेरच्या तापमानाला येऊ दिल्यास ते टळते. शीतकपाटातून काढलेली फिल्मही याच रीतीने, वेष्टन न फोडता एक ते दीड तास ठेवून मगच वापरतात.

उष्णता व क्ष-किरण : उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत तापमान ६०° से.च्याही वर जाऊ शकते. रंगीत फिल्मचे तीन थर उष्णतेने सारख्या प्रमाणात बिघडत नसल्याने रंगांचा तोल ढळतो. काळ्या पिशवीपेक्षा फिकट रंगाची पिशवी उन्हात कमी तापते. पिशव्या मात्र बहुधा काळ्याच विकल्या जातात. पिशवी उघडी ठेवून कॅमेरा वर धरताना भिंगावर टोपी असावी, कारण कापडी पडद्याच्या शटरवर सूर्यबिंब केंद्रित झाल्यास त्याला भोक पडते.

विमानप्रवासात फिल्म मालसामानात कधीही देऊ नये. त्या सामानाच्या तपासणीतील क्ष-किरण तीव्र असतात व त्यांनी फिल्म धुकट होते. हातसामानाची जुनी यंत्रे कमी वेगाच्या फिल्मला फारशी बाधक नव्हती. परंतु अलीकडे अनेक विमानतळांवर त्या जागी संगणकीय छेदचित्रणाची यंत्रे बसविली गेली असून त्यांतून एकदा गेलेली फिल्मही खराब होऊ शकते, असा इशारा फिल्म उत्पादकांनी दिला आहे. शिशाच्या अस्तराची थैली हा उपाय भरवशाचा नाही; आतले दिसत नाही म्हणून ती उघडावयास सांगतात किंवा पुन्हा यंत्रात घालतात. पिशवीतील सर्व फिल्म एका पारदर्शक थैलीत, डब्यांची खोकी काढून ठेवलेली असावी, म्हणजे ती क्षणात बाहेर काढून हातांनी तपासण्याची विनंती करता येते. विनंती मान्य करणे न करणे सुरक्षा अधिकाऱ्याच्या हाती असते. लांबच्या दौऱ्यात शक्य तेथे फिल्म मुक्कामीच धुवून घेतात. एकदा विकसित झालेल्या फिल्मला क्ष-किरणांची भीती उरत नाही.