लॅपटॉपचा माळा झाडताना
बंगळुरूच्या मारतहळ्ळीत खोली घेऊन सॉफ्टवेअरची नोकरी करणारा मुलगा किंवा मुलगी ज्यांच्या घरी आहे, त्यांनी ‘लॅपटॉप भरला’ ही तक्रार ऐकली असेल. अशा वेळी पहिली कुऱ्हाड पडते ती घरच्या फोटोंवर. जरा थांबा!

एनपीएम, ग्रेडल, एक्सकोड ही कामाची साधनं एकदा आणलेलं सामान पुन्हा लागेल म्हणून साठवून ठेवतात. त्याला कॅशे म्हणतात. माळ्यावरच्या डब्यांसारखंच हे. बघता बघता कित्येक जीबी होतात.

टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी, उघडून ‘डीयू’ हा हुकूम दिला, की कोणत्या फोल्डरने किती जागा खाल्ली ते कळतं. एनपीएम आणि पिप यांना कॅशे रिकामी करण्याचे स्वतःचे हुकूम आहेत, तेच वापरावेत. गेलेलं सामान गरज पडली की इंटरनेटवरून पुन्हा येतं. पहिल्या खेपेला काम रेंगाळतं, एवढंच.

धोका आहे तो ‘आरएम’चा. त्याने पुसलेलं कचरापेटीत जात नाही, कायमचं जातं. डॉकरच्या ‘व्हॉल्यूम’मध्ये तर महिनोन्‌महिन्यांच्या कामाचा डेटाबेस असू शकतो. त्याची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घेतल्याशिवाय त्याला हात लावू नये.