विश्लेषण : हातांनी विणलेले ‘चंकी ब्लँकेट’ लवकर का पिंजते? लोकर निवडताना नेमके काय पाहावे?

थंडीची चाहूल लागली की समाजमाध्यमांवर त्याच चित्रफिती पुन्हा फिरू लागतात. मनगटाएवढी जाड, पांढरीशुभ्र लोकर. हातात सुई नाही, काही नाही. आणि तासा-दोन तासांत सोफ्यावर पसरलेले गुबगुबीत ब्लँकेट. ते पाहून अडीच-तीन किलो लोकर मागवली जाते, ब्लँकेटही छान होते. मग काही आठवड्यांतच त्यावर लव उभी राहते, गोळे धरतात, काळ्या कपड्यांना तंतू चिकटू लागतात. विणणाऱ्याला वाटते, आपला हात चुकला. चूक बहुतेक वेळा खरेदी करतानाच झालेली असते.

हा प्रकार आला कुठून?

जाड लोकरीचे विणकाम जुनेच आहे. मात्र एकेक टाका तळहाताएवढा असलेली ब्लँकेट जगभर पोहोचली ती गेल्या दशकाच्या मध्यावर. युक्रेनमधील डिझायनर अ‍ॅना मारिनेन्को यांच्या ब्लँकेटच्या छायाचित्रांचा त्यात मोठा वाटा होता. या ब्लँकेटसाठी वापरतात ती मेरिनो मेंढीची न कातलेली लोकर. सूतकताई पाहिलेल्यांना ती लगेच ओळखू येईल. तो धागा नसतोच, तो असतो पेळू. पिंजून, विंचरून सरळ केलेल्या तंतूंचा जाड पट्टा.

पेळू आणि धाग्यात एवढा फरक का पडतो?

लोकरीचा एक तंतू जेमतेम काही सेंटिमीटर लांब असतो. असे हजारो तंतू एकमेकांना धरून राहतात ते पिळामुळे. पेळूत पीळ जवळपास नसतो. त्यामुळे उशी घासली, मांजर बसले, मुलांनी ओढले की तंतूंची मोकळी टोके बाहेर येतात, एकमेकांत गुंततात आणि गोळा तयार होतो. मेरिनोचा तंतू साधारण २४ मायक्रॉनपेक्षा बारीक असतो. त्यामुळेच ती लोकर टोचत नाही. पण त्यामुळेच ती लवकर पिंजतेही. मऊपणा आणि टिकाऊपणा इथे एकमेकांच्या विरोधात उभे राहतात. विक्रेत्याच्या पानावर मात्र यातला मऊपणाच तेवढा लिहिलेला असतो.

घोंगडी मग वर्षानुवर्षे कशी टिकते?

सोलापूर, सांगली, कोल्हापूर पट्ट्यातील घोंगडी नेमकी उलट रीतीने तयार होते. दख्खनी मेंढीची लोकर मेरिनोपेक्षा बरीच जाड आणि केसाळ. ती कातरून, पिंजून चरख्यावर कातली जाते, म्हणजे तिला पीळ दिला जातो. मग खड्डामागावर घट्ट विणून चिंचोक्याची खळ दिली जाते. घोंगडी अंगाला टोचते, पण धनगराच्या खांद्यावर उन्हापावसात टिकते. चंकी ब्लँकेटमध्ये तंतू मऊ, पीळ नाही आणि वीणही सैल. अंगावर रोज ओढण्यासाठी ते बनलेलेच नाही. खुर्चीच्या पाठीवर टाकण्याची ती शोभेची वस्तू आहे. तेवढीच अपेक्षा असेल, तर पेळू जरूर घ्यावा.

दुकानातील ‘लोकर’ खरेच लोकर असते का?

बहुतेक वेळा नाही. आपल्याकडे विणायच्या कोणत्याही धाग्याला ‘लोकर’ म्हणण्याची सवय आहे. बाजारातील स्वस्त, रंगीत गुंड्या बहुधा अ‍ॅक्रिलिकच्या असतात. अ‍ॅक्रिलिक वाईट नाही. ते घरी धुता येते, त्याला कसर लागत नाही. मात्र मेरिनोची किंमत मोजून अ‍ॅक्रिलिक घरी येऊ नये. शंका असल्यास धाग्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून, सिंकवर जाळून पाहावा. खरी लोकर केस जळाल्यासारखा वास देते आणि तिची राख चुरडली जाते. अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो.

रोजच्या वापरासाठी काय घ्यावे?

पॉलिस्टरचा जाड चेनील धागा बहुतेकांना पुरेसा ठरतो. तो मखमलीसारखा मऊ असतो आणि त्याला गोळे फारसे धरत नाहीत. चेनीलची लव मधल्या पीळदार दोऱ्यात अडकवलेली असते, त्यामुळे कापलेल्या टोकातून मात्र ती भुरभुर गळते. ते टोक घट्ट बांधून विणीत लपवावे लागते. खरी लोकरच हवी असेल तर पेळूऐवजी पीळ दिलेला, दोन-तीन पदरी जाड धागा शोधावा. ब्लँकेट थोडे कमी फुगीर दिसेल, पण टिकेल.

मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत तीन किलोच्या लोकरी ब्लँकेटची गरज किती, हा प्रश्न खरेदीआधीच विचारलेला बरा. तिथे होजिअरीच्या कापडापासून बनणारा टी-शर्ट यार्न किंवा आत भरण असलेला सुती नळीचा धागा सोयीचा. सुती ब्लँकेट जड होते आणि स्वतःच्या वजनाने लांबते, एवढे लक्षात ठेवावे.

किती लागेल, हे कसे ठरवायचे?

इथेच सर्वाधिक पैसे वाया जातात. आधी थोडाच धागा आणून ३० बाय ३० सेंमीचा नमुना विणावा आणि स्वयंपाकघरातील काट्यावर तोलावा. समजा, तो १५० ग्रॅम भरला. नमुन्याचे क्षेत्रफळ ९०० चौरस सेंमी. ब्लँकेट १०० बाय १५० सेंमीचे हवे असेल तर १५,००० चौरस सेंमी, म्हणजे नमुन्याच्या पावणेसतरा पट. लोकर लागेल अडीच किलो. वर दहा टक्के धरले की पावणेतीन किलो. त्याच नमुन्यात ३० सेंमीत ६ टाके बसले असतील, तर १०० सेंमी रुंदीसाठी २० टाके.

उरलेली सगळी लोकर एकदमच घ्यावी आणि वेष्टनावरील डाय लॉटचा क्रमांक जुळवून पाहावा. वेगळ्या लॉटमधला पांढरासुद्धा ब्लँकेटवर पट्टा होऊन दिसतो.

सुयांशिवाय वीण कशी पडते?

सरकगाठ मारून आधी २० कड्यांची साखळी करायची. परतताना प्रत्येक कडीत हात घालून मागचा धागा ओढून घ्यायचा, की नवा फास उभा राहतो. पुढच्या प्रत्येक ओळीत हेच. साधा सुलट टाकाच आहे हा, फक्त सुईची जागा हाताने घेतली आहे. सगळे फास एकाच मापाचे ठेवणे हीच खरी कसोटी. प्रत्येक फासात चारच बोटे मावतात का, हे अधूनमधून तपासावे. काम मोठ्या टेबलावर किंवा जमिनीवर चादर अंथरून करावे. मांडीवर घेतल्यास वजनाने टाके ओघळतात. शेवटी एक फास शेजारच्या फासातून ओढत टाके बंद करायचे.

लोकर संपली तर पेळूची दोन्ही टोके ओली करून तळहातात चोळावीत, ती एकजीव होतात. ‘सुपरवॉश’ लोकरीत हे जमत नाही, कारण तिच्या तंतूंवरील खवले रसायनाने झिजवलेले असतात किंवा पॉलिमरच्या थराखाली झाकलेले असतात.

धुवायचे कसे?

हेच खवले मशीनमध्ये घात करतात. गरम पाणी आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि ब्लँकेट आक्रसून नमदा होतो. तो पुन्हा उलगडता येत नाही. पेळूचे ब्लँकेट त्यामुळे धुण्याऐवजी झटकावे, सावलीत वाऱ्यावर आडवे पसरावे, डाग तेवढाच ओल्या फडक्याने टिपावा. फारच मळले तर ड्रायक्लीन. आलेले गोळे ओढू नयेत, कात्रीने कापावेत; ओढल्यास आणखी तंतू बाहेर येतात. चेनील थंड पाण्यात, जाळीच्या पिशवीत घालून सौम्य चक्रावर धुता येते. पावसाळ्यात लोकर गुंडाळून ठेवताना कसरीपासून जपावे लागते. डांबरगोळ्या कापडी पुरचुंडीत बांधून, ब्लँकेटला थेट न लागतील अशा ठेवाव्यात.

तान्ह्या बाळासाठी म्हणून हे ब्लँकेट विणायला घेणाऱ्यांनी मात्र थांबावे. एक वर्षाखालील बाळाच्या पाळण्यात सैल पांघरूण ठेवू नये, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला असतो. इथे तर वजन जास्त, तंतू सुटणारे आणि टाके एवढे मोठे की बाळाचा हात सहज अडकेल.