पॉइंट किती आणि पैसे किती?
माथेरानच्या दोन तासांच्या फेरीतून व्यापाऱ्याने घ्यायचा धडा

कामोठ्यातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर पावसाळा सरल्यावर सकाळी उभे राहिले की पूर्वेला डोंगरांची काळी भिंत दिसते. पुढे प्रबळगड, त्याला लागून कलावंतीण दुर्गाचा सुळका आणि त्यामागे माथेरानचा सपाट माथा. वर्षानुवर्षे ही भिंत पाहतो, पण दुकान उघडायच्या घाईत तिच्याकडे कधी लक्ष गेले नाही. गेल्या थंडीत मात्र ठरवले. दोन कापडवाले, एक टेलर मास्टर, एक रफूगार, एक चपलांचा व्यापारी आणि एक भांडीवाला असे सहा जण एका बुधवारी दुकाने मुलांवर सोपवून माथेरानला गेलो. घोड्यावरून दोन तासांची फेरी केली, डोंगर पाहिला आणि शेवटी घोडेवाल्याशी भांडलो. त्या भांडणात चूक आमची होती. आम्ही सगळे व्यापारी, सौद्यात मुरलेले, तरी चुकलो. म्हणून हा लेख.

जायचे कसे?

कामोठ्याहून रेल्वेचा मार्ग सोपा आहे. मानसरोवर किंवा खांदेश्वर स्टेशनवरून ठाण्याची गाडी धरावी आणि ठाण्याला कर्जतकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसून नेरळला उतरावे. नेरळहून घाटाने वर जायला टॅक्सी मिळते. छोटी रेल्वेही आहे, पण पावसाळ्यात नेरळहून वर चढणारी गाडी बंद असते; त्या दिवसांत अमन लॉज ते माथेरान एवढीच गाडी चालते. टॅक्सी दस्तुरी नाक्यापर्यंत नेते. तिथे नगरपरिषदेची प्रवेश पावती घ्यायची आणि पुढे पायी, घोड्याने, छोट्या गाडीने किंवा ई-रिक्षाने गावात जायचे. माथेरानमध्ये खासगी मोटारीला मनाई आहे. २००३ साली हा डोंगर पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील क्षेत्र ठरला, पण मोटारबंदी त्याच्याही आधीपासूनची आहे.

पाहायचे काय?

काही लोक म्हणतात, माथेरानला काय आहे? झाडी, माकडे आणि लाल धूळ. तसे नाही. तिथे खडक आहे आणि तो कसा पाहावा हे सांगणारा माणूस सोबत असेल तर दोन तास कमी पडतात.

सह्याद्रीचा हा काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीतून तापलेला रस पुन्हा पुन्हा बाहेर आला आणि थरावर थर बसत गेला. आमच्या दुकानात फळीवर कापडाची थाने एकावर एक रचलेली असतात, तसाच हा डोंगर रचलेला आहे. जो थर कठीण तो उभा कडा होऊन राहिला, जो मऊ तो पावसाने झिजून उतार झाला आणि त्यावर झाडी उगवली. म्हणून समोरच्या डोंगरावर काळा पट्टा, हिरवा पट्टा, पुन्हा काळा पट्टा असे दिसते. सगळ्यात वर जांभ्याचा थर आहे. वाटेवरची लाल धूळ त्याच जांभ्याची. कपड्यांवर ती बसली की सहज निघत नाही. पांढरा कुर्ता घालून जाऊ नये, हा कापडवाल्याचा सल्ला समजा.

या सपाट माथ्याच्या कडेने डोंगराची नाके दरीत पुढे आलेली आहेत. त्या नाकांनाच इथे पॉइंट म्हणतात. लुईझा पॉइंट पश्चिमेला. तिथे एक खडक सिंहाच्या तोंडासारखा दिसतो, समोर प्रबळगडाचा प्रचंड कडा उभा राहतो आणि हवा स्वच्छ असेल तर त्यापलीकडे आपला पनवेलचा सखल मुलूख दिसतो. रोज गच्चीवरून ज्याचा पुढचा भाग पाहतो, त्या डोंगराची पाठ आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. इको पॉइंटला हाक मारली की दरीतून परत येते. वाटेत शार्लट तलाव लागतो. पॅनोरमा पॉइंट उत्तरेच्या टोकाला आहे आणि वन ट्री हिल दक्षिणेला. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली चौकच्या बाजूने याच दक्षिणेकडून चढून आला आणि रामबागच्या वाटेने उतरला. त्यानंतर या डोंगरावर बंगले उठले आणि वस्ती वाढली.

आमचे भांडण

पायथ्याशी एका मध्यस्थाने आम्हाला गाठले. म्हणाला, "सहा घोडे देतो, सगळे पॉइंट दाखवतील." आम्ही रकमेवर घासाघीस केली, थोडी कमी करून घेतली, आगाऊ पैसे दिले आणि खूश झालो. घोडेवाला साधा, हसरा माणूस होता. खडकांची, झाडांची, वाटांची माहिती त्याने मनापासून सांगितली. पाच पॉइंट झाल्यावर त्याने घोडे माघारी वळवले. आमचा चपलावाला भडकला, "सगळे पॉइंट ठरले होते! पॅनोरमा कुठे आहे? वन ट्री हिल कुठे आहे?"

घोडेवाला शांतपणे म्हणाला, "शेट, इथं तीसच्या वर पॉइंट आहेत. एक उत्तरेला, एक दक्षिणेला. दोन तासांत घोडा उडून जाईल का? तुमच्या दुकानात कुणी 'सगळं कापड दाखवा' म्हणालं तर तुम्ही काय करता?"

यावर आमच्यातला कुणी काही बोलला नाही. मग विचारले तेव्हा कळले की घोडा त्याचा नव्हता, मालकाचा होता. तो रोजावर होता. मध्यस्थाने आमच्याशी काय ठरवले हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते, आणि आम्ही घासाघीस करून जे कमी केले ते त्याच्याच वाट्यातून जाणार होते. आमच्यातल्या वडीलधाऱ्याने कमी केलेली रक्कम त्याच्या हातावर ठेवली. तो घेईना, आग्रह केल्यावर घेतली.

चूक कुठे झाली?

कापड मीटरवर मोजून देता येते. पन्ना, वजन, रंग गिऱ्हाईक हाताने तपासून पाहते. पसंत नसेल तर घेत नाही. फेरीचा माल तसा नाही. तो आधी हातात घेता येत नाही आणि घेतल्यावर परत करता येत नाही. अशा मालात विकणाऱ्याची जबान हेच माप. म्हणून सौदा जितका अदृश्य, तितकी बोली स्पष्ट हवी. आम्ही रक्कम स्पष्ट केली आणि माल मोघम ठेवला. गिऱ्हाईकाने आमच्याशी असे केले असते तर आम्ही त्याला कच्चा म्हटले असते.

फेरी ठरवताना पुढच्या गोष्टी विचारून घ्याव्यात.

पहिली, पॉइंटांची संख्या विचारू नये, नावे विचारावीत. शक्य तर कागदावर लिहून घ्यावीत.

दुसरी, वेळ किती आणि प्रत्येक ठिकाणी उतरून थांबायला किती, हे ठरवावे. घोड्यावर बसूनच कडा दाखवला तर ते पाहणे नव्हे.

तिसरी, रक्कम प्रत्येक घोड्याची आहे की सगळ्यांची मिळून, जाण्याची आहे की जाऊन येण्याची, हे विचारावे. दरफलक लावलेला असेल तर तो आधी वाचावा.

चौथी, जो माणूस सोबत येणार आहे त्याच्यासमोर बोलणे करावे. मध्यस्थाने दिलेला शब्द घोडेवाल्याने दिलेला नसतो.

पाचवी, कड्याच्या काठावर वाटाड्या जिथे थांब म्हणेल तिथे थांबावे. जांभ्याची खडी पायाखालून सरकते. पावसाळ्यात तर जास्तच.

हा प्रश्न आमच्यापुरता नव्हता

पर्यटकांची दस्तुरी नाक्यावर दिशाभूल होते, अशी तक्रार माथेरानच्याच रहिवाशांनी आणि व्यावसायिकांनी केली आणि मार्च २०२५ मध्ये गावात बेमुदत बंद पुकारला. प्रशासनाशी चर्चा झाल्यावर बंद मागे घेतला गेला. बंधूंनो, हे लक्षात घ्या. आपलीच दुकाने बंद ठेवून आपल्याच गावाची बदनामी थांबवायची वेळ बाजारावर आली. काही जणांच्या मोघम बोलीचा तोटा चिक्कीवाल्याला, मधवाल्याला, चपला आणि टोप्या विकणाऱ्याला आणि प्रामाणिक घोडेवाल्यालाही झाला. फसलेले गिऱ्हाईक एकटे जात नाही, आपल्या ओळखीच्या दहा जणांना सोबत नेते.

हात-रिक्षा ओढणाऱ्यांचा प्रश्न याहून मोठा. माणसाने माणसाला चढावर ओढायचे, ही रोजी इथे पिढ्यान् पिढ्या चालली. डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हात-रिक्षा सहा महिन्यांत बंद करून ओढणाऱ्यांना ई-रिक्षाची रोजी द्यावी, असा आदेश दिला. ई-रिक्षा वाढल्या की घोडेवाल्यांच्या धंद्यावर परिणाम होईल, ही भीतीही आहे. मला वाटते, केवळ वाहून नेणारा मागे पडेल, पण माहिती सांगणारा टिकेल. रिक्षा पॉइंटपर्यंत नेईल. हा थर कसा बसला, ही वाट कुठे जाते, हे सांगायला माणूसच लागेल.

पीरभॉयांची रेल्वे

माथेरानच्या छोट्या रेल्वेची गोष्ट तर कापडाच्या प्रत्येक व्यापाऱ्याने आपल्या मुलांना सांगावी. सर आदमजी पीरभॉय हे मुंबईचे बोहरा व्यापारी. गरिबीतून वर आले, लष्कराला तंबू पुरवण्याच्या धंद्यात मोठे झाले आणि गिरणीमालक बनले. असे सांगतात की एकदा त्यांना नेरळहून माथेरानला जायला वाहन मिळाले नाही आणि त्यांनी मनाशी ठरवले की इथे रेल्वे आणायची. ती बांधली त्यांचे पुत्र अब्दुल हुसैन यांनी. १९०४ साली काम सुरू झाले आणि २२ मार्च १९०७ रोजी गाडी धावली. खर्च १६ लाख रुपये आला. त्या काळी ही केवढी रक्कम!

रूळ फक्त दोन फूट रुंदीचे आणि मार्ग सुमारे २१ किलोमीटरचा. बार्शी लाइट रेल्वे उभारणारे एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे तिचे सल्लागार अभियंते होते. घाटात वळणे इतकी तीव्र की इंजिनांची चाके वळणाबरोबर सरकतील, अशी रचना करावी लागली. २००५ आणि २०१९ च्या पावसाने रूळ वाहून गेले, गाडी बंद पडली आणि दुरुस्तीनंतर पुन्हा सुरू झाली. २०१९ नंतर नेरळहून वरपर्यंतची गाडी २०२२ च्या ऑक्टोबरात धावली.

पीरभॉय घराण्याने माथेरानला नुसता बंगला बांधून आराम केला असता तर आज त्यांचे नाव कुणाला आठवले असते? त्यांनी वाट बांधली. वाटेवरून हजारो लोक आले आणि त्या लोकांवर कितीतरी घरांच्या चुली पेटल्या. भांडवल असे गुंतवावे की त्यातून दुसऱ्याची रोजी निघावी. पैशाची बरकत म्हणतात ती हीच.

आपल्यासाठी काय?

आता थोडे आपल्या धंद्याचे. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. कामोठे त्याच्या उंबरठ्यावर आहे. प्रबळगड, कर्नाळा आणि माथेरान ही तिन्ही ठिकाणे आपल्याकडून एका दिवसात होण्यासारखी. बाहेरगावचा माणूस येईल, एखादा दिवस मोकळा असेल, तर त्याला छोटी, नीट आखलेली फेरी हवी असेल. ज्याच्याकडे गाडी आहे, ज्याला वाटा माहीत आहेत, त्या तरुणांनी याचा विचार करावा. परवाना, विमा आणि गाडीची कागदपत्रे पूर्ण करूनच उतरावे. स्थानिक वाटाड्याला सोबत घ्यावे आणि त्याचा वाटा आधी ठरवून द्यावा. पायथ्याच्या वाड्यांतल्या माणसाला डोंगर जितका कळतो तितका आपल्याला कळत नाही.

कारागिरांनाही काम आहे. राज्यात २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. डोंगरावर जाणाऱ्याला मजबूत कापडी पिशवी लागते, उन्हाची टोपी लागते, घसरणार नाही अशी चप्पल लागते. आमच्या टेलर मास्टरने परत आल्यावर उरलेल्या कॅनव्हासच्या दहा पिशव्या शिवल्या. पाण्याची बाटली राहील असा बाजूला कप्पा आणि खांद्यावर रुंद पट्टा. त्या महिनाभरात गेल्या. आता पुढची खेप शिवतो आहे.

आणि प्रत्येकाने आपल्या दुकानात एक गोष्ट तपासावी. आपण गिऱ्हाईकाला 'सगळे', 'एकदम चांगले', 'लवकर देतो' असे किती वेळा म्हणतो? टेलर 'ईदच्या आधी' म्हणतो, पण तारीख सांगत नाही. कापडवाला 'रंग जाणार नाही' म्हणतो, पण कशाने धुवायचे ते सांगत नाही. ते शब्द माथेरानच्या 'सगळ्या पॉइंटां'सारखेच आहेत. त्या दिवसापासून मी बिलावर कापडाचे नाव, मीटर, पन्ना आणि बदलून देण्याची मुदत लिहू लागलो आहे. वेळ थोडा जास्त जातो, पण दुकानातली हुज्जत कमी झाली आहे.

येत्या थंडीत आम्ही पुन्हा जाणार आहोत. या वेळी पॅनोरमा पॉइंटची फेरी, सकाळी लवकर. नावे लिहून घेऊ, रक्कम ठरवू आणि तोच घोडेवाला भेटला तर त्याच्याशीच बोलणे करू.