विश्लेषण : फायबर गावात आले, वाय-फाय सुरक्षित कसे राहील?

ग्रामपंचायतीपर्यंत येणारी ऑप्टिकल फायबर आणि तेथून शाळा, अंगणवाडी, घरांपर्यंत पोहोचणारे वाय-फाय यांना जोडणारा एक छोटा डबा असतो. त्यालाच राउटर किंवा रिपीटर म्हणतात. गोंदियासारख्या जंगलपट्ट्याच्या जिल्ह्यात इंटरनेटचा वेग आणि सुरक्षा बरीचशी या डब्यावर अवलंबून असते. तो कसा काम करतो आणि कुठे धोका होऊ शकतो, याचा हा आढावा...

फायबर कुठपर्यंत येते?

देशातील ग्रामपंचायती फायबरने जोडण्याच्या योजनेला केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. २०१५ मध्ये तिचे नाव 'भारतनेट' झाले. महाराष्ट्रात तिचा पुढचा टप्पा 'महानेट' या नावाने ओळखला जातो. या जोडणीचे मुख्य टोक ग्रामपंचायत हे असते. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांत एका ग्रामपंचायतीत अनेकदा दोन-तीन वाड्या-टोल्या असतात. त्यामुळे फायबर कार्यालयात पोहोचली तरी शेवटचे काहीशे मीटर बाकी राहतात. ते अंतर तारेने किंवा हवेतूनच कापावे लागते.

रिपीटर नेमके काय करतो?

राउटरकडून आलेला वाय-फाय सिग्नल तो पकडतो आणि पुढे पुन्हा पाठवतो. मात्र साध्या रिपीटरमध्ये ऐकणे आणि बोलणे एकाच रेडिओवर, एकाच चॅनलवर चालते. त्यामुळे पुढे मिळणारा वेग साधारण निम्म्यावर येतो. त्याच्यापुढे आणखी एक रिपीटर लावला की तो आणखी घटतो. यावर सोपा उपाय म्हणजे दुसरा डबा तारेने जोडणे. तांब्याची नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंत चालते. मात्र दोन इमारतींमध्ये उघड्यावर तांब्याची तार टाकली तर विजेच्या कडकडाटात उपकरणे जळू शकतात. काचेची फायबर वीज वाहून नेत नाही. म्हणून अशा ठिकाणी तीच बरी.

जंगल आणि भिंतींचा काय परिणाम होतो?

वाय-फाय प्रामुख्याने २.४ आणि ५ गिगाहर्ट्झवर चालते. २.४ गिगाहर्ट्झ दूरवर जातो, पण त्याचा वेग कमी असतो. ५ गिगाहर्ट्झ वेगवान असतो, पण भिंतीपलीकडे लवकर क्षीण होतो. जाड मातीच्या भिंती सिग्नल शोषतात, तर पत्र्याचे छप्पर तो परतवते. झाडांची पाने, विशेषतः पावसाने ओली झालेली, सिग्नल अडवतात. उन्हाळ्यात पानगळीच्या काळात चालणारी जोडणी श्रावणात रखडते, त्याचे कारण अनेकदा हेच असते. दोन इमारतींमध्ये दिशादर्शक अँटेना लावायचा असेल, तर तो पावसाळ्यातील झाडे लक्षात घेऊन पुरेशा उंचीवर हवा.

सुरक्षेचा प्रश्न कुठे येतो?

रिपीटर दोन भूमिका बजावतो. राउटरसाठी तो ग्राहक असतो आणि आपल्या मोबाइलसाठी तोच राउटर असतो. २०१७ मध्ये बेल्जियममधील संशोधकांनी वाय-फायच्या 'डब्ल्यूपीए-२' या सुरक्षा पद्धतीतील 'क्रॅक' नावाची त्रुटी उघड केली. ती मुख्यतः ग्राहक-उपकरणांना बाधत होती. त्यामुळे राउटर सुरक्षित असला तरी रिपीटर उघडा राहू शकत होता. कंपन्यांनी दुरुस्ती दिली, पण ती रिपीटरमध्ये टाकल्याशिवाय उपयोग नाही. त्याआधी २०११ मध्ये बटण किंवा आठ अंकी पिन वापरून जोडण्याच्या 'डब्ल्यूपीएस' सोयीतील दोष समोर आला होता. आठ अंकांचा पिन जास्तीत जास्त सुमारे ११ हजार प्रयत्नांत ओळखता येत होता.

गावकऱ्यांना त्याची झळ कशी बसते?

ई-पीक पाहणी, धान विक्रीची ऑनलाइन नोंदणी, सातबारा, बँकेचे व्यवहार असे बरेच काही आता मोबाइलवर होते. बँकेचे ॲप आपली माहिती स्वतः कूटबद्ध करते, त्यामुळे वाय-फायवर कोणी कान लावला म्हणून लगेच पिन कळत नाही. पण राउटरचा ताबा मिळाला तर संकेतस्थळाचा पत्ता शोधण्याची व्यवस्था बदलून लोकांना बनावट पानावर नेता येते. तसेच मोफत वाय-फायवरून कोणी गैरप्रकार केला तर चौकशी आधी जोडणी ज्याच्या नावे आहे त्याच्याकडे येते.

मोबाइल सिग्नल बूस्टर चालेल का?

नाही. वाय-फायसाठीच्या या लहरींना ठरावीक मर्यादेत परवान्याची गरज नसते. २.४ गिगाहर्ट्झला ही सूट २००५ मध्ये मिळाली, तर ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांसाठी ती २०१८ मध्ये विस्तारली. मोबाइल कंपन्यांच्या लहरी मात्र त्यांना लिलावातून मिळालेल्या असतात. त्यांचा सिग्नल परवानगीशिवाय वाढवणारा बूस्टर बेकायदा आहे आणि तो आसपासच्या मोबाइल सेवेतही अडथळा आणतो. दुकानदार दोन्हींना 'सिग्नल वाढवायची मशीन' म्हणतात. म्हणून घेण्यापूर्वी नक्की काय घेत आहोत, हे विचारावे.

काय काळजी घ्यावी?

रिपीटरवरचा मूळ 'ॲडमिन' पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. सुरक्षा पद्धत 'डब्ल्यूपीए-३' ठेवावी. ती नसेल तर 'डब्ल्यूपीए-२' चालेल, पण 'डब्ल्यूईपी' कधीच नको. 'डब्ल्यूपीएस' बंद करावे. सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवावे आणि कंपनीने अपडेट देणे थांबवलेला डबा बदलावा. कार्यालयाचे संगणक आणि लोकांसाठीचे वाय-फाय यांची जाळी वेगळी ठेवावीत. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तातडीने तक्रार करावी.

ग्रामपंचायतीने एक गोष्ट आणखी करावी. या डब्याची जबाबदारी कोणाची, त्याचा पासवर्ड कोणाकडे आणि शेवटचे अपडेट कधी झाले, हे नोंदवहीत लिहून ठेवावे. फायबर तुटली की लगेच तक्रार होते. जुना पासवर्ड मात्र काहीतरी बिघडेपर्यंत कोणाच्याच लक्षात येत नाही.