खजिना कल्याणच्या खाडीवर

गेल्या दिवाळीत माझा भाचा लंडनहून आला. चिवड्याचा बकाणा भरता भरता म्हणाला, "मामा, रविवारी कल्याणला खजिना शोधणाऱ्यांचा मेळावा भरवतोय. तुम्ही यायचंच!"

"अरे, वीस तारखेनंतर आम्ही दर महिन्याला घरात खजिनाच शोधत असतो," मी म्हणालो.

"आणि तो कधी सापडत नाही!" स्वयंपाकघरातून त्याच्या मामीने पुस्ती जोडली.

या छंदाचे नाव जिओकॅशिंग. उपग्रहांच्या संदेशावरून आपण पृथ्वीवर नेमके कोठे आहोत ते यंत्राला कळते. पूर्वी अमेरिकन सरकार हा संदेश सामान्य माणसांसाठी मुद्दाम धूसर करी. शंभर मीटरांची चूक सहज पडे. २००० सालच्या मे महिन्याच्या आरंभी ही आडकाठी उठली, आणि लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर या गृहस्थाने ऑरेगनच्या रानात एक बादली दडवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. बादलीत हिरेमाणके नव्हती. किरकोळ चीजवस्तू, डबाबंद घेवडा, एक वही आणि पेन्सिल! शोधणाऱ्याने एखादी वस्तू घ्यावी, एखादी ठेवावी आणि वहीत नाव लिहावे. आज जगभर असे लाखो डबे दडलेले आहेत.

ही मंडळी अधूनमधून नुसती भेटतातही. इंग्लंडात खेड्यातला एखादा जुना पब गाठतात, पेला हाती घेऊन गावच्या गोष्टी ऐकतात आणि वहीत सह्या करतात.

"इथं पब कुठला आणणार?" मी विचारले.

"दुर्गाडीजवळचं चहाचं हॉटेल!"

दुर्गाडीचे नाव निघाले आणि मी गप्प झालो. माझे वडील कल्याणचे. मी डोंबिवलीला बिऱ्हाड केले, म्हणजे अंतर अवघ्या दोन स्टेशनांचे. भेटायला गेलो की वडील म्हणत, "एकदा सवडीनं ये, तुला दुर्गाडी नीट दाखवतो." मी हो म्हणे आणि परतीच्या गाडीसाठी घड्याळ पाही. ती सवड काही झाली नाही. वडिलांना जाऊन आता सहा वर्षे झाली.

रविवारी सात-आठ जण जमले. ठाण्याची कॉलेजातली मुले होती, डोंबिवलीच्या एक निवृत्त शिक्षिकाही होत्या. चहा आला आणि भाच्याने जाहीर केले, "आता मामा इतिहास सांगतील. ते इथलेच आहेत."

मला घाम फुटला! कल्याणच्या जलद गाड्यांच्या वेळा विचारल्या असत्या, तर घडाघडा सांगितल्या असत्या. माझी ती अवस्था ओळखून बाईच पुढे सरसावल्या.

पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासग्रंथात कल्याण बंदराचे नाव आहे, आणि कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि याच खाडीत मराठी आरमाराची जहाजे बांधायला घेतली. त्या कामावर पोर्तुगीज कारागीरही होते. वसईच्या पोर्तुगीज कप्तानाने त्यांना फितवून नेले, तरी आरमार काही थांबले नाही. "आणि किल्ल्याचा पाया खणताना इथं द्रव्य सापडलं, अशी आख्यायिका आहे," असे बाई म्हणताच मुलांनी नकळत पायाखाली पाहिले.

मग आम्ही सारे बाहेर आलो. बाईंनी खाडीचे वळण दाखवले, भरतीचे पाणी कोठवर येते ते दाखवले. हजारदा पुलावरून पाहिलेले ते पाणी मला त्या दिवशी प्रथम दिसले.

"तुम्हांला एवढं सारं कसं ठाऊक?" मी विचारले.

"पुस्तकांत मिळतं हो सगळं," त्या हसून म्हणाल्या. "पण कुठं उभं राहून पाहायचं, ते मला माझ्या वडिलांनी दाखवलं."

मी काही बोललो नाही. वही माझ्यापर्यंत आली तेव्हा मी आधी वडिलांचे नाव लिहिले आणि खाली माझे.

रात्री जेवताना धाकट्या चिरंजीवांना म्हणालो, "येत्या रविवारी चल, तुला दुर्गाडी दाखवतो."

"बाबा, रविवारी माझी मॅच आहे. पुढं कधीतरी सवडीनं जाऊ."

"सवडीनं नाही," मी म्हणालो. "पहाटेच्या गाडीनं जाऊ आणि मॅचच्या आत परत येऊ."

गाड्यांच्या वेळा तरी मला पाठ होत्याच!