तीन महिन्यांमागं काय झालं?

जानेवारी 2025 मध्ये बुलढाण्यातल्या शेगाव तालुक्याची गावं एकदम बातम्यांत आली. चार-आठ दिवसांत लोकांना टक्कल पडत होतं. तपासणी पथकं आली, पाण्याचे-धान्याचे नमुने गेले. पुढे डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. त्याच सुमारास नंदुरबारमधल्या धडगावकडची ओळखीची एक आशा कार्यकर्ती ताई फोनवर म्हणाली, "आमच्या बायांचे केस तर दरवर्षी गळतात. इकडं कोण येतं?" टोमणा मलाच होता. होळीच्या आधी गेले.

पाड्यावरच्या अंगणवाडीत पोषण दिवस होता. लसी, वजनं, बोटातून रक्ताचा थेंब, लाल गोळ्यांच्या पट्ट्या, सगळं ठरल्याप्रमाणे उरकलं. बाया मात्र उठेनात. खोलीत मोहाच्या बियांच्या तेलाचा वास कोंडला होता. जड, किंचित धुरकट. माझ्या ओढणीतून तो नंतर कितीतरी दिवस गेला नाही.

चक्कर येते, धाप लागते, अंगावरून जातं, हे इथली बाई आपणहून सांगत नाही. केस गळतात हे मात्र सांगते. ताईनं हे हेरलंय. एकेकीला उजेडाकडे पाठ करून बसवते, पन्नास-साठ केसांची बट चिमटीत धरते आणि मुळापासून टोकापर्यंत हळूच ओढते. एखाद-दोन केस आले तर ठीक. सहापेक्षा जास्त आले की ते तळहातावर घेऊन मुळाकडचं टोक बघते. मलाही दाखवलं: मुळाशी खसखशीहून बारीक पांढरा ठिपका. ठिपका असेल तर केस मुळातून सुटलाय. नसेल तर ओढून बांधल्यानं किंवा विंचरताना मध्येच तुटलाय. ही युक्ती तिला एका शिबिरातल्या डॉक्टरनं शिकवली. त्यापुढचा प्रश्न ती पावरीत विचारते आणि माझ्यासाठी मराठीत सांगते: "तीन महिन्यांमागं काय झालं?"

कारण केस लगेच गळत नाही. बाळंतपण, मोठा ताप, उपासमार असा धक्का बसला की शरीर आधी केसांचा खर्च थांबवतं. वाढणारे केस एकदम विश्रांतीत जातात आणि साधारण तीन महिन्यांनी सुटतात. आज फणीत आलेला केस मागची गोष्ट सांगत असतो, आणि बाई दोष देत असते कालच्या साबणाला.

मांडीवर मूल घेतलेल्या एकीची सासू ठामपणे म्हणाली, बाळ आईला ओळखायला लागलं की आईचे केस जातात. शास्त्र वेगळं असलं तरी म्हातारीचा हिशेब चोख आहे, तीन महिन्यांचाच. गरोदरपणात जे केस गळायचे थांबतात ते बाळंतपणानंतर एकदमच जातात, आणि वर्षभरात बहुतेक परत येतात. तरी ताईनं लाल गोळ्यांचं विचारलंच. बाळंतपणानंतरही 180 दिवस रोज एक घ्यायची असते. हिची पट्टी घरात कोरीच पडली होती. "चहाबरोबर घेऊ नको," एवढं दोनदा सांगितलं. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायांच्या अंगात रक्त कमी आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणच सांगतं. केसांच्या तेलाच्या जाहिरातींत याबद्दल चकार शब्द नसतो.

दुसऱ्या एकीनं गळलेले केस चिंधीत बांधून आणले होते. बाहेर टाकले तर कुणी करणी करील, ही भीती. बडव्याकडे, म्हणजे मांत्रिकाकडे, जाऊन आली होती. ताईनं त्याला नावं ठेवली नाहीत, फक्त तोच प्रश्न विचारला. डिसेंबरात पंधरवडाभर ताप होता, असं निघालं.

मला आजही आठवते ती तिशीतली सिकलसेलची बाई. हायड्रॉक्सियुरिया सुरू केल्यापासून सांधेदुखीचे झटके कमी झाले होते, पण केस विरळ व्हायला लागले म्हणून तिनं गोळ्या परस्पर बंद केल्या होत्या. या औषधानं काहींचे केस पातळ होतात, हे खरंच आहे. "तुझं खोटं नाही," ताई आधी म्हणाली. मग बराच वेळ हलक्या आवाजात बोलत राहिली. लोहाची गोळी हिला तिनं दिली नाही. सिकलसेलमध्ये ती तपासणीशिवाय द्यायची नसते. डॉक्टरकडे सोबत येते म्हणाली, वारही ठरवला. फोटोसकट छापून आलेल्या कुठल्याही 'केसगळती निवारण शिबिरा'पेक्षा मला हे काम मोठं वाटलं.

पन्नाशी ओलांडलेल्या बाईचा भांग रुंदावला होता. पाळी जाऊन काही वर्षं झालेली. बट ओढली, एकच केस आला. "हे तीन महिन्यांचं नाही," ताई म्हणाली, "वयाचं आहे. माझ्याकडं याला काही नाही." बाईनं पिशवीतून तेलाची महागडी बाटली काढली. ताईनं लेबल वाचलं आणि परत दिली. "डोक्याला लाव, पण दुसरी घेऊ नको."

शेवटी सोळा-सतरा वर्षांची एक पोर आली. गुजरातेत ऊसतोडीला गेलेलं कुटुंब होळीसाठी परतलेलं. तीन महिन्यांमागं? पहाटे अंधारात फडावर, भाकरी आणि मिरची, मध्ये ताप. शाळा सुटली तशी आठवड्याची निळी गोळीही सुटली. गळलेले केस तिनं भांडीवालीसाठी जपून ठेवले होते. म्हणे वाटीपुरते झालेत. तिला एवढंच हवं होतं: होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारापर्यंत केस येतील का?

ताईनं बोटाच्या पेरावर नखानं खूण केली. महिन्याला एवढेच, सेंटीमीटरभर.

"मग बाजारात गंगावन घेते," पोर म्हणाली.

"घे. पण घट्ट बांधू नको. आणि आधी बोट पुढं कर, रक्त बघायचंय."